दत्तक घेतलेलं गाव

हसू नका, मी अजून त्या दिवसाचीच दमलेली आहे. आमच्या धरमपेठेतल्या क्लबानं काटोलकडचं एक गाव दत्तक घेतलं होतं आणि सभांचं इतिवृत्त लिहायचं काम, एम.ए. झालेली म्हणून, माझ्या गळ्यात पडलं होतं. गावातल्या बायकांना एकच गोष्ट हवी होती, हातपंप. उन्हाळ्यात त्या नदीच्या कोरड्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. आम्ही सात सभा घेतल्या. सहा सभा उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यात गेल्या. सातव्या सभेत ठरलं, पंप होईल तेव्हा होईल, आधी फलक लावू.

फलक लावायला गेलो. आमचे अध्यक्ष नानासाहेब तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "आजपासून हे गाव आमचं दत्तक लेकरू आहे."

टाळ्या थांबल्यावर एक म्हातारी उठली. "साहेब, खरंच दत्तक घेतलं आमाले?"

"हो आजी, अगदी मनापासून."

"माह्या दिरानं पोरगं दत्तक घेतलं, तं त्याच दिवशी घरी नेलं. तुमी आमाले इथीच काहून ठेवलं? तुमच्या घरी नळ असन ना?" मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "चाल वं शेवंता, घागर घे."

बायका खरंच उठायला लागल्या. नानासाहेब घाम पुसत माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आता तरी पंपाचं बोलतील.

"पुढच्या सभेला विषय लिहून घे," ते म्हणाले. "दत्तक या शब्दाला पर्याय."