कोरडं भरीत

धुळ्याच्या स्टँडवर पारोळ्याच्या गाडीला रांग होती. माझ्या मागे दवाखान्यातून आलेल्या केसरबाई आणि कॉलेजात शिकणारी त्यांची भाची सुनंदा. आवाज असा, की अख्ख्या रांगेला ऐकू जावा.

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते परत सांग ना."

"महारोगाचा जंतू संपला म्हणे. गोळ्या बंद. बठ्ठं बरं शे आता."

"अगं, सगळं बरं आहे तर मग हस की!"

"हसते. पण आधी सांग, जंतूच्या अंगावर तेलकट कोट असतो, असं पहिल्या दिवशी तेच म्हणाले होते ना?"

"हो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण त्या कोटापुढे त्यांचं काही चालत नाही. जंतू पचत नाही, उलट त्यांच्याच पोटात घर करून राहतो."

"म्हणून तर मी तेल सोडलं. दोन वर्षं भरीतसुद्धा कोरडं खाल्लं."

"काय? आत्या, तो कोट जंतू स्वतःच बनवतो! तुझ्या जेवणातल्या तेलाचा काय संबंध?"

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? मला वाटायचं, तुला तेल बाधतं."

"म्हणजे तेल खाऊनही मी बरी झाले असते?"

"झालीच असतीस. जंतू मेले ते गोळ्यांनी."

"मग ऐक. आज भरीत मी करणार. तेलात बोटं बुडाली पाहिजेत."

"बरं."

"आणि माझं ते वेगळं ताट."

"त्याचं काय?"

"तुझ्या मायला सांग, त्यात कोंबड्यांना दाणे टाक म्हणावं. मी आज तिच्याच ताटात जेवणार."