पोटात जंत, डोक्यात उवा आन मधी बांध

...न्हाई तर काय वं बायांनो, मेलेल्या मानसाचं जंत काढून कुनाचं पोट भरलंय? तुमाला सांगते, शेततळं खनायला मशीन आणलं, बांधाकडची कड धसली आन आतनं सापळा! उताणा निजल्याला. डोकं आमच्या रानात, पाय ज्योतिबा भावजींच्या रानात, आन बांध बरोबर कमरंवर.

मी म्हनलं, माती लोटा आन कामाला लागा. ऐकत्यात व्हय? आमचं मालक मिलिट्रीतनं रिटायर, सापळा बघून ताठ हुबं ऱ्हायलं. म्हनालं, हाडं बघ कशी रुंद हायती, आपला पूर्वज, लढवय्या असनार. पलीकडनं भावजी म्हनालं, पाय आमच्यात, म्हंजे मानूस आमचा. झालं! आधीच बांधावरनं ह्या दोघांची उभ्या जन्माची भांडनं, त्यात आता आजोबा पडलं. हिकडनं डोक्याला हार, तिकडनं पायाला हळदकुक्कू...

मग जुनी हाडं तपासनारी पुण्याची प्रांजल म्याडम आली. समद्यांना मागं सारलं आन ब्रश घिऊन बसली. आमचं ह्ये रोज जाऊन इचारायचं, तलवार घावली का? ती म्हनायची, बघू. आन चमच्यानं माती काढायची, ती बी कुठली, तर कमरंतली! मी इचारलं, बाई, ह्या मातीत काय हाय? तर म्हनती, "काकू, पोट कुजून जातं, पण जंतांची अंडी मातीत टिकतात. ती शोधतेय." मला वाटलं माझ्या ऐकन्यातच चूक झाली. एवढी शिकल्याली पोरगी, आन हुडकती काय, तर जंत! सांगा की मला, मेलेल्या मानसाचं जंत काढून कुनाचं पोट भरलंय?

उन्हाळ्यात ती परत आली, काय घावलं ते सांगायला. सारं गाव देवळाम्होरं गोळा. ह्येंनी छातीवर मेडलं लावल्याली, भावजींनी ब्यांड आणल्याला. म्याडम म्हनाली, मानूस तीन हजार वर्सांमागचा हाय. टाळ्या! म्हनाली, पोटात जंत हुतं, लय हुतं. टाळ्या थांबल्या. म्हनाली, डोक्याशी हाडाची फनी घावली, तिच्या दातात लिखा अडकल्याल्या, म्हंजे उवा बी हुत्या. ब्यांडवाल्यानं पिपाणी पिशवीत घातली.

भावजी हळूच म्हनालं, "नाथाजीराव, डोकं तुमच्यात हाय. उवा तुमच्या."

"आन पोट?" आमचं ह्ये म्हनालं. "ज्योतिबा, खरं सांगतो, बांध मीच कोरल्याला. त्यो समदा तुकडा तुझा. घिऊन टाक."

भावजी मागं सरत म्हनालं, असू द्या, ऱ्हाऊ द्या, रान तुमीच कसा. तुमाला सांगते, जमीन नको म्हननारी दोन मानसं मी आयुष्यात पयल्यांदा बघितली, आन ती बी जंतांपायी!

मला मात्र त्या मेल्याची दया आली. म्याडमला इचारलं, फनी त्येच्याजवळ कुनी ठेवली असंल? ती म्हनाली, पुरताना त्याच्याच माणसांनी. म्हंजे बघा, कुनीतरी बाई उन्हात बसून, शिव्या देत त्येचं डोकं इंचरत असनार... आन गेल्यावर तिनंच फनी उशाला ठिवली असंल. माझं मन असं भरून आलं, म्हनलं आता चार शब्द बोलावं, तवर म्याडम पुढं बोलली.

म्हनाली, हा जंत कच्चे मासे खाल्ल्याशिवाय होत न्हाई. मासे, म्हंजे हितं मोठं पाणी हुतं. पाणी! आपल्या जत तालुक्यात, जिथं कावळा बी चोच वली करायला लांब जातो! दोघं बी ताडकन उठलं. ह्ये म्हनालं बांध हाय तिथंच बरोबर हाय, भावजी म्हनालं पोट आमचंच. दुसऱ्या दिवशी बांधाच्या ह्या अंगाला बोर, त्या अंगाला बोर. घर्र घर्र... आन काय निघालं? धुरळा! दोघं इतकं पांढरं झालं, की सापळ्यापेक्षा ह्येच जुनं दिसायला लागलं.

ह्येंनी चिडून म्याडमला फोन लावला, म्हनालं, तुमी तर पाणी सांगितल्यालं. ती शांतपणे म्हनाली, "काका, मी पाणी होतं म्हणाले, आहे कुठं म्हणाले?"

आता बोला. जंताची अंडी ऱ्हात्यात बघा तीन हजार वर्सं. पाणीच तेवढं ऱ्हात न्हाई. चला, टँकर आला, घागरी म्होरं घ्या.