गंजकी पट्टी चोरीस गेल्याबाबत

नाव: सगळे भट्टीवाल्या बाई म्हणतात. वय: ५२. धंदा: स्टीलवर सिरॅमिकचा थर चढवणे. राहणार: कारखान्यावरच्या खोलीत.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. मी ते द्रावणात बुडवून भट्टीत भाजते. त्यावर बसणारा सिरॅमिकचा थर इतका पातळ असतो, की डोळ्यांना दिसत नाही. न दिसणारी वस्तू गिऱ्हाइकाला पटवायची कशी? म्हणून मागच्या दारी मिठाच्या पाण्याच्या बादलीत दोन पट्ट्या टांगल्या होत्या, एक थराची, एक उघडी. उघडीवर छान गंज चढला होता. माझा सगळा जीव त्या गंजात होता, कारण बोटी बांधणारे मिस्त्री आज दोन्ही पट्ट्या बघूनच कठड्यांचे काम देणार होते.

सकाळी गंजकी पट्टी जागेवर नव्हती. उरलेली पिशवीत घालून मी तडक ठाण्यात आले. हवालदार म्हणाले, "चांगली ठेवून गंजकी नेली? चोर आहे का कोण?" मला हसू आले नाही. माझा संशय शेजारच्या पॉलिशवाल्यांवर, म्हणजे माझ्या मुलीच्या सासऱ्यांवर होता. माझ्या थरामुळे त्यांचा धंदा बसेल, असे ते चारचौघांत बोलतात. तशी तक्रार मी दिली.

मिस्त्री मला शोधत ठाण्यातच आले. मागोमाग व्याहीही आले, हातात चकचकीत पट्टी घेऊन. म्हणाले, "विहीणबाई, गिऱ्हाईक यायचं आणि बादलीत गंज! मला बघवेना. घासूनपुसून आणली." मी कपाळावर हात मारला. मला फार ओशाळे वाटले, आणि रागही आला.

मिस्त्रींनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. "दोन्ही सारख्याच की! मग थर कशाला?"

व्याही तडकले. "सारख्या? हिचा गंज काढताना माझे खांदे भरून आले. खड्डे अजून आहेत, बोट फिरवून बघा. दुसरीवर घासायला काही नव्हतंच. फडकं फिरवलं आणि परत टांगली."

मिस्त्री म्हणाले, "बाई, हे तुम्ही सांगितलं असतं तर मानलं नसतं. पॉलिशवालाच म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला." कठड्यांना आधी व्याह्यांनी पॉलिश करायचे, मग मी थर द्यायचा, असे ठरले. मला अतिशय आनंद झाला आहे.

माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर मी ऐकला, तो मी सांगितला तसाच आहे. सकाळच्या तक्रारीत 'चोर' आहे तिथे 'व्याही' करून द्यावे, ही विनंती. हवालदार म्हणतात, लिहिलेले खोडता येत नाही. व्याही म्हणतात, "राहू द्या, पुढच्या वेळी चोराची शोधाशोध नको."