पूर्ण आहे, दोनदा मोजलं

...आणि वर मलाच म्हणतात, "तुझी नजर चांगली, तूच शोध!" नजर चांगली! अहो, मी चष्म्याच्या दुकानात काम करते म्हणून माझी नजर चांगली? मग दवाखान्यातला शिपाई काय कधी आजारीच पडत नाही? पण बोलणार कोणाला? बोलणारे आमचे सासरे. वय वर्षं पंच्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि हा माणूस हातात टॉर्च घेऊन सोफ्याखाली पालथा! नुसते पाय बाहेर. आतून आवाज येतोय, "सूनबाई, इथे एक बटण सापडलंय, तुझं का?" हे सगळं कशासाठी? तर एका तुकड्यासाठी. नखाएवढ्या, पुठ्ठ्याच्या, जिगसॉच्या एका तुकड्यासाठी! आणि तो तुकडा कुठे गेला हे आमच्या घरात एकाच माणसाला माहीत होतं. कोणाला? आता असं बघू नका माझ्याकडे. मलाच. आणि मी? मी गप्प.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही मला आत्ताच वाईट ठरवाल. ठरवायचंच आहे, पण नीट ऐकून ठरवा.

मला जुन्या जिगसॉंचा नाद. जुन्या हं! नव्यात काय मजा? नव्या डब्यातून हजार तुकडे निघतात, ते जोडले की चित्र होतं, संपलं. पण जुन्या डब्याचं झाकण उघडलं ना, की आधी एक वास येतो, कोणाच्या तरी कपाटाचा, कोणाच्या तरी घरचा. कोपरे चिकटपट्टीनं सांधलेले. एखाद्या तुकड्यावर दातांचे ठसे, म्हणजे त्या घरात रांगतं मूल होतं. एखाद्यावर चहाचा डाग, म्हणजे इथे कोणीतरी वैतागून कप आपटला होता, आणि तुम्हाला सांगते, तिथवर पोचलं की आपल्यालाही आपटावासा वाटतो! कारण काय, तर आकाश! निळं, निळं, निळं... साडेतीनशे तुकडे निळे! एकदा तर एका डब्यात दुसऱ्याच चित्राचे सात तुकडे निघाले. मी आठवडाभर जहाजाच्या शिडात मांजराचे कान बसवत होते. बसेनात. मला वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालं!

तर आमच्या इथे एक जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथली पद्धत अशी, की जिगसॉ जोडून झाला की झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचं, पूर्ण आहे की तुकडे कमी आहेत. खाली सही. मग डबा परत ठेवायचा आणि दुसरा न्यायचा. आता लोक लिहितात, पण कसं? "बहुतेक पूर्ण." बहुतेक म्हणजे काय हो? एकानं तर लिहिलं होतं, "आमचे सगळे होते, पुढचं माहीत नाही." पण एक अक्षर असं, टपोरं, सरळ, ओळ न आखता ओळीत. "पूर्ण आहे. दोनदा मोजलं." दुकानदार म्हणायचा, "ताई, या अक्षराचा डबा डोळे मिटून न्या. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं गोळ्या मोजल्यात बाईंनी. सूर्य एखादे दिवशी उशिरा उगवेल, पण बाईंचा तुकडा कमी निघायचा नाही."

त्या अक्षराचा डबा मी आणला. समुद्र, खडक, आणि मधोमध दीपगृह. मांडला जेवणाच्या टेबलावर. आमचे हे आले, "मी जेवायचं कुठे?" म्हटलं, ताट मांडीवर घ्या, मांडी कशाला दिलीय देवानं?

आणि आता ऐका. आमचे सासरे, म्हणजे बाबा, शिंपी. पण सासूबाई गेल्या तेव्हापासून, दोन वर्षं झाली, शिवणाच्या मशीनवर चादर. घराबाहेर पाऊल नाही. बोलणं म्हणाल तर "हं". चहा हवा? "हं." नको? "हं." दोन्हींचा हं एकच, आपण ओळखायचं. तिसऱ्या दिवशी हे टेबलापाशी थबकले. बघत राहिले. आणि म्हणाले, "कडा आधी लावाव्यात. कापड बेततानाही कडा आधी बघायची." अहो, माझ्या हातातला तुकडा पडला! दोन वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य! मग बसले. मग रोज बसायला लागले. "हा निळा त्या निळ्याला लागत नाही, हा उन्हातला निळा." मला डोळ्यांत पाणी यायचं आणि ते निळ्यात मिसळून जायचं. इतकं छान चाललं होतं... आणि तिथे मी माती खाल्ली.

माहेरी आम्ही पाच भावंडं. जिगसॉ एकच. शेवटचा तुकडा लावणारा त्या दिवसाचा राजा. मग मी काय करायची? सुरुवातीलाच एक तुकडा लपवायची. जित्याची खोड, दुसरं काय! गुरुवारी माझ्या बोटांत दीपगृहाचा दिवा आला. नेमका दिवाच! पिवळाधमक. आणि माझा हात, तुम्हाला शपथेवर सांगते, मला न विचारता गाऊनच्या खिशात गेला. शनिवारी सकाळी मी तो गाऊन मशीनमध्ये धुवायला टाकला. त्याच संध्याकाळी नऊशे नव्व्याण्णव तुकडे जोडून झाले. बाबा टेबलावरून हात काढून घेत म्हणाले, "शेवटचा तू लाव हो, सूनबाई. तुझ्यामुळे बसलो मी इथे."

कळलं का काय झालं ते? मला मिळणारच होता तो! मला मिळणारीच वस्तू मी चोरली, आणि वर धुतली! गेले दोरीपाशी, खिशात हात घातला... ओला लगदा. टाकला केराच्या डब्यात. परत येताना ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण बाबा कसे उभे होते, लग्नघरात उभं असल्यासारखे, आणि म्हणाले, "काय गं? दिसत नाही?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही बाबा, दिसत नाही कुठे." तेव्हापासून सोफा, टॉर्च आणि बटण. आणि मी? मी गप्प.

सोमवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. दोन वर्षांनी घराबाहेर! कुठे? भांडायला! त्या दुकानात! "तुमच्या बाईंनी मोजलं होतं, की नुसतंच लिहिलं होतं?" परत आले ते गालांवर लाली, चालीत जोर. मला आनंद व्हावा की लाज वाटावी? दोन्ही झालं. मंगळवारी मी त्या दुकानावरून गेले, तर त्या अक्षराचे सगळे डबे, अकराच्या अकरा, वरून काढून सगळ्यात खालच्या फळीवर. पुढे पुठ्ठा: "खात्री नाही." आत जावं, सांगावं, "खात्री नाही ती माझी, त्यांची नव्हे." पाऊल उचललं. उचललं ते घराकडे.

बुधवारी संध्याकाळी बेल. दारात एक बारकुडी बाई. हातात पर्स, पर्समधून डोकावणारं भिंग. "मी ती... दोनदा मोजलं लिहिणारी. दुकानातून पत्ता घेतला." आत आल्या, टेबलावरचं ते भोक पाहिलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एका माणसाला एक गोळी कमी गेली नाही हो माझ्या हातून. आता वय झालं. मोजणंही सुटलं म्हणायचं." आणि डोळ्यांना पदर. त्या क्षणी धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं मला. तोंड उघडलंसुद्धा! तेवढ्यात बाबा म्हणतात कसे, "अहो, रडताय काय? सोफ्याखाली अजून डावी बाजू बाकी आहे." झालं! सोफ्याखालून आता चार पाय बाहेर. आतून खुसखुस हसण्याचा आवाज. आमच्या घरात! हसण्याचा! आणि मी? मी गप्प.

मग त्या रोज यायला लागल्या. गुरुवारी कपाटामागे. शुक्रवारी गालिच्याखाली. दमल्या की चहा. बाबा त्यांना गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगतात, की एकाचा एक खांदा खाली, मी कापूस भरून सरळ केला, त्याचं लग्न जमलं! मला एकीकडे बरं वाटतंय आणि एकीकडे चोरट्यासारखं. शेवटी ठरवलं, शनिवारी सांगायचंच. वाक्य पाठ केलं. आरशासमोर म्हटलं.

शनिवारी बाई आल्या त्या धापा टाकत. "सापडला! माझ्याच शिवणाच्या डब्यात होता! माझीच चूक!" मूठ उघडली. तुकडा! पिवळा!

आता तुम्ही सांगा. खरा तुकडा मी स्वतः केरात टाकलेला. मग हा कुठला? जाडसर पुठ्ठा, कात्रीनं कातरलेल्या कडा. आणि बाईंच्या नखाच्या कडेला पिवळा रंग. माझी नजर चांगली ना! अहो, बाईंनी रात्रंदिवस खपून तो तुकडा बनवला होता, केवळ आपला शब्द खरा करायला. जो शब्द खराच होता! बाबांनी तो लावला, तर तो टुणकन वर. दाबला, वर. "थांबा, इस्त्री आणतो!" इस्त्री आणली, वर फडकं टाकलं, दाबलं, आणि म्हणाले, "वा! अगदी मापात बसला!" कसला मापात? एक कोपरा छताकडे बघत होता. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला कळलं माझं काय झालं ते. चार दिवस आधी बोलले असते, तर बाई सुटल्या असत्या. आता बोलले तर बाई पकडल्या जाणार! माझ्या एका खोट्यानं त्या खऱ्या बाईला खोटं करून ठेवलं, आणि आता मला खरंही बोलता येईना. बाईंनी झाकण माझ्यापुढे केलं. "तू लिही गं. माझ्या अक्षरावर आता कोण विश्वास ठेवणार?" मी लिहिलं. "पूर्ण आहे. दोनदा मोजलं." खाली सही माझी. अक्षर असं आलं, की चष्म्याच्या दुकानात ते वाचायला दिलं असतं तर चांगल्या डोळ्यांच्या माणसाला नंबर लागला असता.

बाई गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "परवा तुझ्या गाऊनची शिवण उसवलेली दिसली, म्हणून उतरवला दोरीवरून. खिशाच्या कोपऱ्यात थोडा पिवळा लगदा अजून चिकटलेला होता." "शिंप्यापासून खिसा लपतो होय? तसाच गेलो दुकानात. सांगून आलो, चूक आमच्या घरची. डबे परत वरच्या फळीवर लावायला लावले." मी म्हटलं, "मग मला का नाही बोललात? बाईंना का नाही?" तर म्हणाले, "तू बोललीस?" आणि खिडकीकडे बघत, "त्यांना सांगितलं असतं, तर शोधायला कशाला आल्या असत्या त्या?"

दुसऱ्या दिवशी मशीनवरची चादर निघाली. खडखड, खडखड... दोन वर्षांनी! माझ्यासाठी नवा गाऊन शिवला त्यांनी. गळा असा बसलाय, बाह्या अशा बसल्यात, काय सांगू! फक्त खिसा नाही. एकही नाही.

आता नवा डबा आणलाय, दीड हजाराचा. बाई रोज येतात. आल्या आल्या परवा गाऊनकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, किती सुरेख! पण याला खिसा कसा नाही?" बाबा छताकडे बघायला लागले. आणि मी? या वेळी मी गप्प नाही बसले. म्हटलं, "कापड कमी पडलं हो, बाई."

बघा! तोंड उघडलं तर हे असं. त्यापेक्षा गप्प होते तीच बरी होते.