नंबर नवऱ्याचा

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. जठारपेठेतल्या सायबर कॅफेत रांगेत विमलताईंच्या पुढे चाळिशीची एक बाई कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"काकू, आधारच्या नंबरवर ओटीपी गेला. लवकर सांगा," अर्ज भरून देणारा कॅफेतला पोरगा म्हणाला.

"तो नंबर आमच्या घरच्याईचा हाये." बाईनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. "तुमच्या मोबाईलवर आकडा आला असंन. सांगा बरं."

"कायचा हाये?"

"कॉलेजच्या स्कॉलरशिपचा."

"कोणाच्या कॉलेजच्या? पोरगी तं दहावीत हाये."

"माह्या. मी बी.ए.ले नाव घातलं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"मंग आता म्हणतो. नाही!"

"काकू, टाइम चालला."

"स्कॉलरशिप नाही भेटली तं माहं कॉलेज सुटते. संध्याकाळी घरी भांडा, पण आकडा आता सांगा."

फोनमधून येणारा ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला. विमलताईंनी हातातल्या कागदाची उगाच घडी घातली.

"पोरीले मालूम हाये?" नवऱ्यानं विचारलं.

"तिनंच नाव घालाले लावलं."

"म्हंजे घरात मीच येडा." तो खाकरला. "घे लिहून. चार... आठ... हळू सांगून राहिलो, चुकू नको."