तोच शेरा

घरीच शिकणाऱ्या मुलांना मिस हॉलिस ऑनलाइन साहित्य आणि निबंधलेखन शिकवायची. मुलांचे चेहरे तिला रोज दिसत; तिचा कॅमेरा मात्र वर्षभर बंदच होता. मुलांना ठाऊक होता तो फक्त तिचा आवाज. म्हणूनच गाडी घ्यायला ती गॅरेजमध्ये थांबली असताना समोरच्या बाकावर तिची विद्यार्थिनी टॅमसिन आणि टॅमसिनची आई येऊन बसल्या, तेव्हा त्यांनी तिला ओळखलं नाही.

“निबंधांची फाइल नीट धर गं. दुपारी घरचा अभ्यास तपासायला येणाऱ्या बाईंना दाखवायची आहे.”

“आजोबांवरचा निबंध काढून टाक त्यातून.”

“का? सगळ्यात छान तोच आहे. मी वाचताना रडले.”

“मिस हॉलिसनी खाली काय लिहिलंय ते वाच.”

“‘तपशील जिवंत आहेत. मुद्दा अजून धारदार कर.’ चांगलंच लिहिलंय की.”

“आता माझ्या वर्गातल्या एझ्राचा बघ, त्याने मला पाठवलाय. कोंबड्यांच्या खुराड्यावरचा.”

“‘तपशील जिवंत आहेत. मुद्दा...’”

“पुढचं मला पाठ आहे.”

“अगं, चाळीस मुलं असतात त्यांना. होतं एखाद्या वेळी.”

“आजोबांचे शेवटचे तीन दिवस मी तुलासुद्धा सांगितले नव्हते, आई. आधी त्यांना लिहिले.”

“मग आता काय, लिहिणारच नाहीस?”

“लिहीन ना. हवामानावर लिहीन. त्यालाही हाच शेरा चालेल.”

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “निळी गाडी तयार आहे. नाव काय म्हणालात, बाई?”

टॅमसिनने सहज मान वर केली. मिस हॉलिसने ओठ उघडले, मिटले, आणि पर्समधून लायसन्स काढून मुकाट्याने काउंटरवर ठेवलं.