वाणात आलेलं फॉक्सप्रो

…नाही, पण मी म्हणतो, एखादी वस्तू फुकट देणंसुद्धा इतकं अवघड असावं? अहो, फुकट देतोय, फुकट! वर चहा पाजतोय, लिफ्टपर्यंत उचलून देतोय, तरी लोक असे मागे सरकतात जसा काही मी त्यांच्या गळ्यात माझं पोरगंच दत्तक घालतोय! आणि देतोय काय? पुस्तकं! कोबोल, पास्कल, फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक… ज्यांच्या जिवावर हा हरिश्चंद्र गिरमे कुवेतला आला, दोन वेळचं जेवला, पोरीला शिकवलं, ती पुस्तकं!

त्याचं झालं असं, की आमची समिधा गेली शिकायला पुण्याला. मग दोघांना अबू हलीफाचं एवढं घर कशाला, म्हणून खैतानला एका बेडरूमचं घेतलं. तिथं मोकळी भिंत एकच! आणि आमच्या सौभाग्यवती, स्वप्नाबाई, त्यांनी हुकूम सोडला, "त्या भिंतीला माझी पेटी. मी गाण्याचे क्लास घेणार. तुमची पुस्तकं सामान हलायच्या आत घराबाहेर!" म्हटलं बरं, खाली कचऱ्यात ठेवतो. तर अंगावरच आली हो! "सरस्वती आहे ती! दर दसऱ्याला पूजा केलीय मी त्यांची!" केलीय, खरंच केलीय. आमच्या पास्कलच्या कपाळावर अजून हळदकुंकू आहे. म्हणजे बघा, ठेवायची नाहीत, टाकायची नाहीत, फक्त वाचणाऱ्याच्या घरी द्यायची! आणि तुम्हाला सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. टाकवत नव्हती हो. रात्रंदिवस उराशी धरलेली पुस्तकं, कुणीतरी एकानं तरी "द्या" म्हणावं, एवढंच वाटत होतं.

पण म्हणणार कोण? कुवेतमध्ये सगळं मिळतं, अळूची पानंसुद्धा मिळतात, पण दारावर रद्दीवाला काही येत नाही. अम्गराला भंगार घेतात म्हणावं, तर तिथं लोखंडाला मान! मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. पन्नासेक अंगठे आले, पुस्तक न्यायला एक माणूस नाही! एका पोराचं उत्तर, "काका, पीडीएफ आहे का?" अरे, फुकट देतोय, फुकट! पीडीएफ कसली मागतोस? समिधाला फोन केला तर ती म्हणे, "बाबा, सीरियसली? नोबडी रीड्स धिस!" एसी दुरुस्तीला आपल्या कुडाळचा लवू आला होता, त्याच्यापुढं फॉक्सप्रो धरलं. तो हात जोडून म्हणतो कसा, "साहेबांनू, ह्या वाचून माझो एसी थंड होतलो काय?"

शेवटी एक दिवस स्वप्नाचा डोळा चुकवून एक पिशवी खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. आत नाही हं, शेजारी! वर येऊन टेकतो न टेकतो तोच बेल. दारात आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, अहमद! पिशवी छातीशी धरलेली, चेहरा लाल. "बाशमुहंदिस! किताब! किताब हराम!" म्हणजे, इंजिनिअरसाहेब, पुस्तक टाकणं पाप! आणि माझ्या मागे स्वप्ना उभी! म्हणजे तिची सरस्वती आणि त्याचं हराम, दोन्हीकडून माझंच मरण! तो गेला बक्षिसी घेऊन, आणि स्वप्नानं पिशवीतली पुस्तकं पुसून परत कपाटात लावली.

मग मात्र मला अशी काही आयडिया सुचली, अशी सुचली, की मीच माझी पाठ थोपटली! संक्रांत आली होती. हळदीकुंकू! म्हटलं स्वप्ना, यंदा वाण काय लुटणार? प्लास्टिकचे डबे? मग पुस्तकं लूट! सवाष्णीनं दिलेलं वाण कुणी परत करतं का? नाही! आणि येणाऱ्या प्रत्येकीचा नवरा काय? आयटीत! म्हणजे वाचणाऱ्याचंच घर! स्वप्ना आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "निदान वर तिळगूळ तरी ठेवू."

शुक्रवारी बायका आल्या. मी आत स्वयंपाकघरात, कान दाराला! अक्षदा वहिनी म्हणतात, "अय्या, केवढं जड गं! वरण शिजवायचं भांडं आहे का?" मग कागद फाटल्याचा आवाज… मग, "छान आहे हं… जाडजूड आहे." रेखा वहिनींना कोबोल गेलं, त्या म्हणाल्या, "ह्यांना आवडेल हो," पण अशा आवाजात, जसं आपण कडू कारल्याला म्हणतो! असू दे. गेली तर खरी! त्या रात्री रिकाम्या कपाटासमोर उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता ना? रडूच आलं हो.

आता ऐका. हळदीकुंकू म्हणजे एका दिवसाचा खेळ नाही, रथसप्तमीपर्यंत चालतं! अक्षदा वहिनींकडे झालं, स्वप्ना परत आली, हातात पिशवी. काय आहे? कुंकू लावलेलं पास्कल! आमचंच! मग रेखा वहिनींकडे झालं. तिथून कोबोल तर आलंच, वर त्यांच्या ह्यांचं ओरॅकल आलं, युनिक्स आलं, डीबेसचे तीन खंड आले! कारण काय, घरोघर एक हरिश्चंद्र आणि घरोघर एक कपाट! सगळ्या बायका वर्षानुवर्षं वाट बघत होत्या, वाट दाखवली मी! महिनाभर अख्ख्या कुवेतातलं आयटी आमच्या दारात लोटलं, आमच्या फॉक्सप्रोसकट! गेली होती कपाटभर, आली दोन कपाटं!

म्हटलं स्वप्ना, आता काय करायचं? सामान न्यायला हाफ लॉरी तर दारात उभी. तर ही पदर खोचून म्हणाली, "करायचं काय? वाण आहे ते, माझ्या सौभाग्याचं! टाकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. खैतानला त्या भिंतीला लावायचं."

म्हटलं, अगं, आणि तुझी पेटी? तर म्हणे, "ती बेडरूममध्ये." क्लास? "तेही बेडरूममध्ये." मग मी कुठं झोपू?

"तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. बरोबरच आहे तिचं. मी थोडाच वाणात आलोय!